डाव्या हाताची तोड

मी, धाऊ वलद लडकू भोईर, राहणार मौजे लोधिवली, पेटा खालापूर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, वय अदमासे बासष्ट, धंदा पूर्वी रानातली मुकादमी व आता अंथरुणावर पडून राहणे, असे लिहून ठेवतो की, माझी डावी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली असली तरी डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, भूल दिलेली नाही, आणि आज सकाळी पेजेखेरीज काही पोटात गेलेले नाही. ज्या एकोणचाळीस माणसांना आम्ही बापलेकांनी जन्माचे गडी करून ठेवले, त्यांची नावे मला न अडखळता सांगता येतात. ती मी अंबाबाईंना सांगून दाखवली आहेत. माणूस शुद्धीवर आहे याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

मी बोलतो आहे आणि अंबाबाई लिहीत आहेत. अंबाबाई म्हणजे इथल्या मिशनच्या शाळेच्या बाई, आणि माळावरच्या ख्रिस्ती देवळाचे उपदेशक सदोबा मास्तर यांच्या विधवा. लोधिवलीत लिहिता येणारे आणखी तिघे आहेत. पण त्यांतला एक माझा पूर्वीचा मालक राघोशेट याचा जुना कारकून, दुसरा माझा व्याही, आणि तिसरा सांगितल्यापेक्षा चांगले लिहितो. अंबाबाई सांगेन तेच लिहितात, फक्त मधूनमधून तोंड वाकडे करतात. मी स्वतः ख्रिस्ती नाही. सहा वर्षे दर रविवारी देवळाच्या पायरीवर बसलो, आत गेलो नाही, आणि आता तर पायरीपर्यंतही पोचत नाही.

कलम १. गावठाणातले माझे राहते घर परसासह माझा एकुलता एक मुलगा भिवाजी याला मिळावे. भिवाजी कर्जतला रेल्वेत घाटाच्या इंजिनावर कोळसा मारण्याच्या कामावर आहे. घराचा पश्चिमेकडचा वासा वाळवीने पोकळ केला आहे, हे मी त्याला तीन पावसाळे सांगतो आहे. आता घर त्याचेच झाल्यावर तरी तो लक्ष देईल.

कलम २. नदीकाठचा भाताचा तुकडा, बैल, नांगर, दोन पराती व तांब्याचा हंडा हेही भिवाजीला. माझी शिडी गेली चार वर्षे व्याह्याकडे आहे. ती त्याने स्वतः खांद्यावर घालून, गावातून, दिवसाउजेडी परत आणावी. गुपचूप आणून परसात टाकली तर ती परत केली असे धरू नये.

कलम ३. राघोशेटने मला मुकादमी देताना बांधलेले लाल पागोटे पेटीत सगळ्यात खाली आहे. राघोशेट वारला, त्याचे मुलगे मुंबईस असतात. पागोटे त्यांच्याकडे पोचवावे आणि निरोप द्यावा, की धाऊने हे अठरा वर्षे डोक्यावर घातले आणि आठ वर्षे घातले नाही, आणि डोके जड झाले ते पागोटे काढल्यावर.

पागोट्याचा विषय निघाला, म्हणून पुढचे लिहायला सांगतो. अंबाबाई विचारतात, हे मृत्युपत्रात बसते का. मालमत्ता बसते तर हेही बसते. मला बापाकडून तीन गोष्टी मिळाल्या. एक घर, एक शेत, आणि तिसरी ही.

राघोशेटकडे इर्शाळच्या पायथ्याच्या रानाचा ठेका होता. तिथे त्याच्या कोळशाच्या अकरा भट्ट्या चालत. राबणारी माणसे डोंगराखालच्या कातकरवाडीची. वाडीत कोणाचे लग्न निघाले की राघोशेट तांदूळ, लुगडे आणि दारू पाठवी. लग्न लागले की नवऱ्याच्या कमरेला, लाकडाच्या आकडीत, एक कोयता अडकवला जाई. तो कोयता राघोशेटचा, आणि ज्याच्या कमरेला तो कोयता तो माणूसही राघोशेटचा, मरेपर्यंत. कागद नव्हता, मुदत नव्हती. कागद असता तर एखाद्या वकिलाने तो खोटा पाडला असता. कोयत्याला वकील काय करणार?

गडी मेला की तिसऱ्या दिवशी मुकादम त्याचा कोयता घेऊन वाडीवर जाई आणि मुलापुढे धरी. मुलाने दोन्ही हात पुढे करून तो घेतला, की बापाचे राबणे मुलाकडे आले. जबरदस्ती नाही, मारहाण तर नाहीच. मुलाने हात पुढे केले नाहीत तर मुकादमाने एक शब्द न बोलता माघारी यायचे, अशी रीत होती. ती माझ्या बापाने मोडली नाही आणि मीही मोडली नाही.

मग हात पुढे का होत, ते सांगतो. वाडीची अशी समजूत होती, की ज्याचा कोयता कोणी घेत नाही तो मेलेला माणूस सुटत नाही. भर दुपारी, बाकीची माणसे ओढ्याकाठी सावलीला टेकलेली असताना, तो आपल्या तोडीच्या जागेवर येतो आणि राबतो. रानात प्रत्येक गड्याची तोडीची जागा ठरलेली असे. हात पुढे झाले नाहीत की मेलेल्याच्या जागेवर चार-पाच दिवसांत ताजी लाकडे दिसत, नीट थप्पी लावलेली. मुलगा ती पाही, आणि दिवस मावळायच्या आत आमच्या दारात येऊन उभा राही. मेल्यावरही राबणारा बाप ज्याला बघवतो असा मुलगा मला अठरा वर्षांत एकही भेटला नाही.

ती लाकडे मी तोडत होतो. माझ्या आधी माझा बाप लडकू तोडत असे. आम्हा दोघांखेरीज हे राघोशेटला ठाऊक होते, आणि आता अंबाबाईंना व इथे ऐकत बसलेल्यांना आहे.

बापाने मला हे काम दाखवले तेव्हा मी विशीत होतो. मी डावरा. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला म्हणून याच बापाने माझ्या बोटांना चटके दिले होते. रानात मात्र त्याने माझी तोड पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. उजव्या हाताचा घाव लाकडावर एका अंगाला उतरतो, डाव्याचा दुसऱ्या अंगाला. वाडीतली माणसे लाकडाचे टोक पाहून तोड कोणाची ते सांगत. आणि मेलेले सगळे उलट्या हाताने करतात, अशी त्यांची खात्री. माझी पहिली थप्पी दिसली त्या दिवशी वाडीवर जी रडारड झाली ती गावापर्यंत ऐकू आली. बापाच्या वेळी एखाद्या म्हाताऱ्याला शंका यायची, माझ्या वेळी कोणाला आली नाही.

तुम्हाला तेव्हा वाईट वाटत होते का, असे अंबाबाईंनी मला आत्ता विचारले. मी सांगितले, की अभिमान वाटत होता. तेच खरे आहे, म्हणून इथेही तेच लिहावे.

कलम ४. परसातल्या दोन आंब्यांचे जे येईल त्यातून दरवर्षी माळावरच्या देवळाच्या उत्तरेकडच्या भिंतीला आतून चुना लावावा. अंबाबाई म्हणतात नको, ती भिंत चुना धरत नाही. धरत नसली तरी लावावा.

देऊळ म्हणजे चार भिंती, कौले आणि एक घंटा. १९१५ साली सदोबा मास्तर आणि अंबाबाई इथे आले, आणि पहिली सहा वर्षे मास्तरांनी अर्ज लिहिण्यात घालवली. उत्तर यायचे, की गडी आपखुशीने राबतात, तक्रारदार कोणी नाही. ते खोटे नव्हते. मग मास्तर वाडीवर जाऊन सांगू लागले, की मेलेले देवाच्या हवाली असतात, देव त्यांना लाकडे तोडायला पाठवत नाही. वाडीने त्यांना थप्पी दाखवली. मास्तर त्या जागेवर तीन दिवस भर उन्हात पुस्तक घेऊन बसले. मी करवंदीच्या जाळीमागून पाहत होतो. ते होते तोवर मी तोडले नाही. चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला, आणि मी तोडले.

१९२१ च्या शिमग्यानंतर पोशाचा बाप वारला. पोशा आज माझा साक्षीदार आहे. तिसऱ्या दिवशी मी कोयता घेऊन वाडीवर गेलो. पोशा हात पुढे करणार एवढ्यात सदोबा मास्तर मधे आले, आणि त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले.

“द्या मुकादम,” ते म्हणाले. “हा कोयता आमचं देऊळ घेतं.”

मी म्हटले, देवळाने कसा घ्यायचा. ते म्हणाले, कोणीतरी घ्यावा एवढेच तुमची रीत सांगते, घेणारा माणूसच असावा असे त्यात कुठे आहे? मी आठवून पाहिले. नव्हते. म्हाताऱ्यांनीही आठवून पाहिले आणि माना हलवल्या. मी कोयता मास्तरांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो देवळाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला. राघोशेटने निरोप धाडला, की आता देवळाला भट्टीवर पाठवा. मास्तरांचा उलट निरोप आला, की देऊळ तयार आहे, शेटने येऊन घेऊन जावे.

सहा वर्षांच्या उपदेशाने जे पटले नव्हते ते वाडीला त्या एका खिळ्याने पटले. मेलेल्याचे ओझे घ्यायला कोणीतरी तयार आहे, एवढेच त्यांना हवे होते. पुढे जिवंत गडीही येऊ लागले. रविवारची उपासना आटोपली की एकेक जण आकडीतून कोयता काढायचा आणि मास्तर हात पुढे करायचे. पाच वर्षांत अडतीस कोयते भिंतीवर लागले आणि भट्ट्या एकामागून एक विझल्या. या माणसांतली ख्रिस्ती किती झाली, असे बाहेरचे लोक विचारतात. चार. कोयता घेताना मास्तरांनी तो प्रश्न कोणाला विचारला नाही, म्हणून मी त्यांना मानतो.

आता भिंतीचे. पहिला कोयता लागला त्याच पावसाळ्यात त्याखालची भिंत काळी पडू लागली. अंबाबाईंना ओल वाटली. पण हे बोटाला लागायचे, आणि त्याला भट्टीचा वास होता. भट्ट्या देवळापासून दोन कोस लांब. कोयते वाढले तसे ते काळे वाढत गेले. शनिवारी अंबाबाई बाके पुसून दाराला कुलूप घालत. रविवारी उघडले की बाकांवर कोळशाची बारीक पूड पसरलेली असे, आणि त्या पुडीत माणसे बसून उठल्याच्या खुणा असत. उपासनेला तोवर कोणी आलेले नसे. अंबाबाई पुन्हा बाके पुसत आणि घंटा वाजवत. हे त्यांनी मला पाच वर्षांनी सांगितले.

१९२५ पासून सदोबा मास्तर खोकू लागले. तो खोकला मी ओळखतो. भट्टीवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला तो होतो, आणि मास्तरांनी जन्मात भट्टी पेटवली नव्हती. १९२८ साली ते वारले. शेवटच्या महिन्यात त्यांच्या रुमालावर जे पडे ते काळे असे. हे लिहिताना अंबाबाई थांबल्या नाहीत, म्हणून मीही थांबत नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे, की देवळाने ते कोयते नावापुरते घेतले नव्हते.

कलम ५. हे कलम नागूची मुलगी ठकी हिच्यासाठी आहे. ती आज इथे साक्षीदार म्हणून बसली आहे, आणि हे तिला मी बोलतो तसेच ऐकू जाते आहे.

नागू हा भट्टीवरचा गडी १९१८ च्या तापाच्या साथीत गेला. बायको त्याच्या आधी चार दिवस गेली होती. मागे राहिली ठकी, नऊ वर्षांची. मुलीपुढे कोयता धरायची रीत नव्हती. पण त्या साली गडी इतके मेले, की राघोशेट म्हणाला, हात कोणाचे का असेनात. मी तिच्यापुढे कोयता धरला. तिने हात पाठीमागे लपवले. मी रीतीप्रमाणे माघारी आलो. पाच दिवसांनी मी तिला बोटाला धरून रानात नेले आणि तिच्या बापाच्या जागेवरची थप्पी दाखवली. तिने लाकडांच्या टोकांवरून हात फिरवला.

“बा दमला आसंल,” ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केले.

माझ्या आयुष्यातली एकच गोष्ट मला परत घेता आली असती, तर मी ही घेतली असती आणि बाकीच्या सगळ्या तशाच राहू दिल्या असत्या.

१९२६ साली, भिंतीवर अडतीस कोयते झाल्यावर, राघोशेटने मला बोलावले. म्हणाला, ज्यांचे कोयते देवळात आहेत त्या मेलेल्यांच्या जागेवर जाऊन तोड, म्हणजे देवळाने काही होत नाही हे वाडीला कळेल. मी दुपारी पोशाच्या बापाच्या जागेवर गेलो. तिथे काही नव्हते. खुंटांना धुमारे फुटले होते आणि वारा पडलेला होता. मी कोयता उगारला, आणि तेवढ्यात नागूच्या जागेकडून घाव ऐकू येऊ लागले. एकसारखे, मधे दम घेतल्यासारखे थांबून, पुन्हा. मला वाटले ठकी असेल. उतरून गेलो तर ठकी तिथे नव्हती, ती ओढ्यावर पाणी पीत बसलेली मला वरून दिसत होती. नागूच्या जागेवर ताजी थप्पी होती. मी एक टोक उचलून पाहिले. डाव्या हाताची तोड. आणि ती मी तोडलेली नव्हती.

मी तिथेच पागोटे काढले. राघोशेटला दुसऱ्या माणसाकरवी निरोप पाठवला आणि त्या रविवारी पहिल्यांदा देवळाच्या पायरीवर जाऊन बसलो.

त्या दिवसापासून आजपर्यंत नागूच्या जागेवर ती लाकडे पडतच आहेत. दुसऱ्या कोणाच्या जागेवर नाहीत, फक्त नागूच्या. ठकीने ती पाहिली आणि आपल्या परीने अर्थ लावला. सदोबा मास्तरांनी तिच्यापुढे तीनदा हात केले, तिने तिन्ही वेळा कोयता दिला नाही. म्हणाली, मी एवढी तोडते तरी बा येतोच, म्हणजे माझ्याने पुरे होत नाही. मी सोडले तर त्याच्यावर किती पडेल? राघोशेट मेला, ठेका गेला, भट्ट्यांवर गवत उगवले, तरी ती रोज जाते. तिची लाकडे घेणारा कोणी नाही. ती तिथेच कुजतात. आता ती पंचवीस वर्षांची आहे, नवरा वारला, आणि तिला तो खोकला लागला आहे. तिची मुलगी कोंडी सात वर्षांची झाली. या हिवाळ्यात ठकीने कोंडीच्या कमरेला बसेल अशी लहान आकडी करून घेतली, हे मला पोशाने सांगितले, आणि तेव्हाच मी अंबाबाईंना बोलावणे पाठवले.

दोन वर्षांपूर्वी मी शेताच्या बांधावर पडलो आणि डावे अंग गेले. डाव्या हातात सुई टोचली तरी कळत नाही, भिवाजीने टोचून पाहिली आहे. पण दुपारी माझा डोळा लागतो आणि जागा होतो तेव्हा तोच हात खांद्यापासून ठणकत असतो. दिवसभर तोड केल्यावर ठणकतो तसा. तासाभराने थांबतो, आणि पुन्हा सुई टोचली तरी कळत नाही.

गेल्या महिन्यात पोशाने माझ्या चुलीसाठी मोळी आणली. मला दाखवायला आणली नव्हती, चुलीसाठी आणली होती. वाटेत नागूची जागा लागते, तिथली थोडी लाकडे त्याने उचलली होती. एक लाकूड माझ्या अंथरुणाजवळ पडले. टोक ताजे, घाव डाव्या हाताचा, आणि घावावर एक बारीक उठलेली रेघ. माझ्या स्वतःच्या कोयत्याच्या पात्याला मधोमध खांडा आहे, १९११ साली दगडावर बसून पडलेला. त्याच्या प्रत्येक घावात ती रेघ राहते. तो कोयता मी पडल्यापासून माझ्या समोरच्या खुंटीवर आहे. मी पोशाला तो काढायला सांगितले. कोयत्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचे जाळे होते, अख्खे. पोशाने ते हाताने बाजूला केले. पाते ओले होते. पोशाने वास घेतला आणि म्हणाला,

“ऐनाचा चीक हाय. आजचा हाय.”

तेव्हा मी असे जाहीर करतो, की नागूच्या जागेवर १९१८ साली जो तोडत होता तो मी. आणि १९२६ पासून जो तोडतो आहे तोही मीच. कसा, ते मला सांगता येत नाही. मी जिवंत आहे, माझा कोयता खुंटीवर आहे आणि माझा हात मेलेला आहे. पण माझी तोड मला ओळखू येणार नाही असे होणार नाही. नागू मेल्यापासून त्या जागेवर एकदाही आलेला नाही. ठकी, तुझा बाप सोळा वर्षांपूर्वी सुटला. तू सोळा वर्षे माझे ओझे वाहते आहेस.

कलम ६. ठकीला मी काही ठेवत नाही. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे अंबाबाईंचे मत आहे. ते नसते तरी माझ्या घरातली वस्तू तिच्या घरात जाऊ नये असे माझे मत आहे. कलम पाच मात्र अंबाबाईंनी देवळात त्या भिंतीसमोर साऱ्या वाडीला एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. मी मरेपर्यंत थांबायची गरज नाही.

कलम ७. नागूच्या जागेवर आठ वर्षांच्या थप्प्या आहेत. त्यांतली डाव्या तोडीची जी लाकडे जळण्याजोगी असतील ती माझ्या सरणाला वापरावी. उजव्या तोडीची ठकीची आहेत, ती वेगळी काढून तिला विचारल्याशिवाय उचलू नयेत. निवडायला पोशाला न्यावे, भिवाजीला तोड कळत नाही. जातवाले म्हणतील सरणाची लाकडे मेलेल्याने तोडलेली चालत नाहीत. त्यांना सांगावे की तोडली तेव्हा मी जिवंत होतो.

कलम ८. माझा खांड्याचा कोयता माझ्याबरोबर सरणात घालावा. पाते उरेल. ते पाताळगंगेत, डोहाच्या जागी टाकावे. कोणी हातात धरून नेऊ नये, फडक्यात बांधून काठीला अडकवून न्यावे.

कलम ९. भिवाजी, हे तुला. मी गेल्यावर चार-पाच दिवसांनी कोणीतरी तुला येऊन सांगेल, की रानात ताजी थप्पी दिसली. बघायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव तुझ्या आईवर गेला आहे, तू जाशीलच, तर थप्पीला हात लावू नकोस. बाप दमला असेल असे तुझ्या मनात येईल. दमलेला असेनच. तू घरी जा, जेव, कामावर जा. माझ्यासाठी कोणाच्या पोराने हात पुढे करायचा नाही, आणि देवळानेही नाही. अंबाबाई, तुम्हीसुद्धा नाही. मास्तर असते तर त्यांनी केले असते, म्हणून स्पष्ट लिहायला सांगतो. मला एकट्याला राबू द्यावे. कधीपर्यंत, ते ठरवणारा मी नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अंबाबाईंनी करावी. शिडीचे भिवाजीने पाहावे.

लिहिणारीची नोंद. वरील मजकूर मी, अंबाबाई, उपदेशक सदोबा यांची विधवा, हिने धाऊ लडकू भोईर यांनी सांगितला तसा लिहिला व दोन्ही साक्षीदारांसमक्ष पुन्हा आरंभापासून वाचून दाखवला. वाचन दुपारी झाले. त्या वेळी धाऊ यांना ग्लानी नव्हती. पुढे जे झाले ते धाऊ यांच्याच सांगण्यावरून इथे नोंदवते.

वाचून झाल्यावर ठकी धाऊ यांच्याकडे वळली. तिने विचारले, “माजा बा येकदा पन आला नाय?”

धाऊ म्हणाले, “येकदा पन नाय, पोरी.”

तिने ते पुन्हा विचारले आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितले. मग ती उठली, कमरेच्या आकडीतून नागूचा कोयता काढला आणि अंथरुणापाशी येऊन धाऊ यांच्यापुढे धरला. धाऊ यांनी उजवा हात पुढे केला. ठकीने कोयता दिला नाही. धाऊ म्हणाले, दुसरा उचलत नाही. ठकी कोयता धरून तशीच उभी राहिली. मी तिला बस म्हणाले, ती बसली नाही. पोशा आणि मी दोघेही पाहत होतो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग गोधडीवरून धाऊ यांचा डावा हात उठला आणि उजव्याच्या शेजारी आला.

ठकी म्हणाली, “धरा. आता ह्ये तुमचं.”

तिने कोयता त्या हातांत ठेवला, या कागदावर आपला अंगठा उमटवला आणि ती निघून गेली. ती रानाच्या वाटेने गेली नाही, वाडीच्या वाटेने गेली, हे मी दारात उभी राहून पाहिले.

मृत्युपत्र करणाराची निशाणी डाव्या अंगठ्याची घेण्याचा प्रघात आहे. पोशाने व मी दोघांनी मिळून प्रयत्न केला, परंतु डाव्या हाताची मूठ कोयत्यावरून उघडत नाही. म्हणून उजव्या अंगठ्याची निशाणी घेतली आहे.

निशाणी उजव्या हाताचा अंगठा: धाऊ वलद लडकू भोईर

साक्षीदार:
१. पोशा, राहणार कातकरवाडी. निशाणी अंगठा.
२. ठकी, नागूची मुलगी, राहणार कातकरवाडी. निशाणी अंगठा.

दस्तुर: अंबाबाई, विधवा सदोबा उपदेशक

मुक्काम लोधिवली, पेटा खालापूर. सोमवार, तारीख १२ मार्च १९३४, दुपारी.